हेड बनवून आणल्यावर टॅपेट सारखं टाईट होतंय, व्हॉल्व्हची उंची कशी तपासू? (ट्रॅक्टर, तीन सिलिंडर, सोलापूर)

मोहोळकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडं पर्किन्स ३.१५२ घराण्याचं तीन सिलिंडरचं इंजिन असलेला जुना ट्रॅक्टर आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. गॅस्केट गेलं म्हणून हेड उतरवलं, आणि उतरवलंच आहे तर पूर्ण काम करून घ्यावं म्हणून सोलापुरातल्या एका मशीनशॉपला दिलं. गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) सहाही नवीन टाकले, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) कटिंग झालं, हेडला फेसिंग (खालचा फेस घासून सपाट करणं) झालं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची सीट फारच खाल्लेली होती, तिथं नवी सीट रिंग (हेडच्या खोबणीत ठोकून बसवायची कडी) बसवली. व्हॉल्व्ह जुनेच, ग्राइंड करून. हेड ताब्यात देताना पोर्टमध्ये रॉकेल ओतून दाखवलं, थेंबसुद्धा खाली आला नाही.

आता त्रास असा आहे. पहाटे स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. सुरू झाला की पांढरा धूर, डोळे चुरचुरतात. गरम झाल्यावर धूर कमी होतो, पण तिसरं सिलिंडर मधूनच चुकतं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टचं टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधला गॅप) फिटर सेट करून जातो आणि काही दिवसांत तिथला गॅप पुन्हा गायब. आवाज करत नाही, उलट फिलर गेजच (गॅप मोजायची पातळ पानं) आत जात नाही.

फिटर म्हणतो पिस्टन रिंगा गेल्या, हाफ इंजिन (रिंगा-लायनरचं काम) करा. मशीनशॉप म्हणतं हेड ओके आहे, रॉकेल टेस्ट तुमच्यासमोर केली. कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन होऊन गेलंय, टोळीला उचल देऊन झालीय. गव्हाणीत मोळी पडायच्या आत ट्रॅक्टर उभा करायचाय. नेमकं कुठून बघायला सुरुवात करू?

---

बार्शी फिटर

दादा, पिस्टन रिंगांना हात लावू नका अजून. तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीवरून पुष्कळ कळतंय. टॅपेट सैल होत जातं तेव्हा झीज कॅमकडची, पुशरॉडची, रॉकरची असते. टॅपेट टाईट होत जातं तेव्हा व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकत असतो. डोकं जेवढं आत जातं तेवढीच दांडी वरच्या बाजूला निघते आणि रॉकरला जाऊन टेकते. रिंगांचा याच्याशी काही संबंध नाही.

रॉकर कव्हर काढा. सहाही ॲडजस्टिंग स्क्रूंचे लॉकनटच्या वर किती आटे दिसतात ते बघा आणि फोटो टाका. ज्याचा स्क्रू इतरांपेक्षा जास्त वर आलेला असेल तिथं काहीतरी सरकलंय.

---

मोहोळकर

काढलं कव्हर. पाच स्क्रू जवळपास सारखे आहेत. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा बराच वर आहे, अजून थोडा फिरवला तर संपेल असं वाटतंय. म्हणजे दोष फक्त तिथंच आहे ना? दुसरं सगळं बरोबर समजू का?

---

सीटकटर

समजू नका. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत हेडचंच काम करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीट कापली की व्हॉल्व्ह आत जातो, व्हॉल्व्हचा फेस ग्राइंड केला तरी आत जातो. दोन्हींची बेरीज होते, आणि ती दिसते त्यापेक्षा मोठी असते. ४५ अंशाच्या सीटवर फेसला काटकोनात जेवढं मटेरियल काढाल त्याच्या १.४१ पट व्हॉल्व्ह सरळ रेषेत आत सरकतो. सीटवरून पाव मिलिमीटर आणि व्हॉल्व्हवरून पाव मिलिमीटर गेलं तर व्हॉल्व्ह ०.७ मिलिमीटर खोल बसला. ३० अंशाच्या सीटवर हाच आकडा १.१५ पट.

त्यात फेसिंगची भर. हेडचा खालचा फेस घासला की त्या फेसपासून मोजलेली व्हॉल्व्हची खोली कमी होते, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. डिझेल फवारणाऱ्या नोझलचं टोकही तेवढंच जास्त बाहेर डोकावतं. शिवाय रॉकर शाफ्ट हेडवर असल्यामुळं हेडबरोबर तोही खाली येतो आणि पुशरॉड होता तिथंच राहतो. म्हणून फेसिंगनं टॅपेट टाईट होतं आणि सीट कटिंगनंही टाईट होतं. स्क्रू दोन्ही वेळा एकाच दिशेला फिरवावा लागतो. त्या स्क्रूमध्ये सगळं लपतं. फिटर गॅप सेट करतो, इंजिन चालू होतं, आणि आत व्हॉल्व्ह किती खोल गेलाय हे कुणालाच कळत नाही.

स्क्रूचे आटे संपायला आले की काही ठिकाणी आणखी एक युक्ती करतात : व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक ग्राइंड करतात. टोक कमी केलं की गॅप परत मिळतो आणि स्क्रू इतरांच्या रांगेत दिसतो. म्हणून म्हणतो, पाच स्क्रू सारखे दिसले यावर विसंबू नका. प्रत्येक रॉकरखालची स्प्रिंगची टोपी नीट बघा. टोपीच्या कडेला चकचकीत घासल्याची खूण आहे का?

---

मोहोळकर

आहे! दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला. टोपीच्या एका बाजूला नव्या नाण्यासारखी चमकतेय. तिथं काहीच त्रास नव्हता म्हणून कुणी बघितलंच नसतं.

---

सीटकटर

ट्रॅक्टर आता चालू करू नका. हे कळकळीनं सांगतोय.

रॉकरनं फक्त दांडीच्या टोकाला दाबायचं असतं. टोक जास्त घासलं की व्हॉल्व्ह उघडताना रॉकर टोपीला टेकू लागतो. टोपी खाली दाबली गेली की कॉटर (टोपीला दांडीवर धरून ठेवणारे दोन अर्धे तुकडे) मोकळे होतात. दोन्ही कॉटर निसटले तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, आणि मग पिस्टन, लायनर, हेड, कधीकधी कनेक्टिंग रॉडसकट सगळं जातं. शिवाय टोकाचा कडक थर पातळ असतो. तो निघून गेला की खालचं मऊ मटेरियल रॉकरखाली भराभर खड्ड्यासारखं झिजतं.

---

मायक्रॉन

मी इंजिन पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, चिंचोळी एमआयडीसीत. मोहोळकर दादा, हेड उतरवायच्या आधी एक मोजमाप वरूनच होतं, तेवढं करून घ्या. मग पुढं काय शोधायचं ते ठरेल.

रॉकर शाफ्ट काढला की सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात, कारण त्यांना दाबणारं कुणी उरत नाही. मग एक सरळ पट्टी दांड्यांच्या टोकांवर ठेवा आणि पट्टी व टोक यांच्यामध्ये फिलर गेज घालून बघा. इनलेटची तुलना इनलेटशीच करा, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी, कारण दोन्हींची उंची मुळातच वेगळी असू शकते. टोकं आधी कापडानं पुसा, तेलाचा थरसुद्धा आकडा बदलतो.

त्यानंतर कंप्रेशन घ्या आणि हवेची टेस्ट करा. नोझलच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून आली तर इनलेट, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग. हवा सोडताना त्या सिलिंडरचा पिस्टन कंप्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) हवा, नाहीतर क्रँक फिरते. फॅन आणि पट्ट्याजवळ कुणाचा हात नको.

---

मोहोळकर

कंप्रेशन आणि हवेच्या टेस्टसाठी डिझेल पंपवाल्याचा माणूस अडॅप्टर घेऊन घरी आला होता. दुसऱ्याच्या त्या टोपीची भीती होती म्हणून स्टार्टरनं लागेल तेवढंच फिरवलं.

कंप्रेशन : पहिलं २७, दुसरं २६, तिसरं २१ किलो.
हवा : पहिल्यात आणि दुसऱ्यात काही विशेष नाही. तिसऱ्यात टॅपेट पूर्ण सैल करूनसुद्धा सायलेन्सरमधून स्पष्ट फुसफुस. तेलाच्या तोंडातून तिन्हींना सारखीच किरकोळ.

मग शाफ्ट काढून एक्झॉस्टच्या टोकांवर पट्टी ठेवली. पहिलं धरून चाललो तर दुसरं त्याच्याच पातळीत (०.०५ चा फरक), तिसरं ०.६५ नं वर.

म्हणजे दुसऱ्याचं टोक तर बरोबर उंचीवर आहे की. मग टोपीला खूण कशी?

---

मायक्रॉन

कारण टोकाची उंची हे निम्मंच मोजमाप आहे. व्हॉल्व्हला दोन टोकं आहेत. डोकं फेसपासून किती खोल आहे, दांडी वर किती आहे, आणि व्हॉल्व्हची स्वतःची लांबी किती, हे तीन आकडे एकत्र ठेवले तरच मटेरियल कुठून गेलं ते समजतं. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह खोल असेल आणि लांबीला आखूड असेल, तर वरून बघणाऱ्याला तो अगदी ठीक दिसणार.

आता कंप्रेशनकडं बघा. बऱ्याच जणांना वाटतं की व्हॉल्व्ह खोल गेला म्हणूनच कंप्रेशन पडलं. थोडं गणित मांडते. या इंजिनाचा बोअर ९१.४ आणि स्ट्रोक १२७ मिलिमीटर. एका सिलिंडरचं आकारमान साधारण ८३४ घनसेंटीमीटर (तिन्हींचं मिळून १५२ घन इंच, नावातला आकडा तोच). कंप्रेशन रेशो १७.५ धरू. म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा सुमारे ५०.५ घनसेंटीमीटर. एक्झॉस्टचं डोकं ३५ मिलिमीटर व्यासाचं धरलं आणि ते एक मिलिमीटर जास्त खोल गेलं, तर जागा एक घनसेंटीमीटरच्या आतबाहेर वाढते. रेशो १७.२ होतो आणि दाब दोन-तीन टक्क्यांनी उतरतो. ४० मिलिमीटरचा इनलेटही तेवढाच खोल गेला तर रेशो १६.८. थंडीत स्टार्टिंगला आणि धुराला याचा फरक पडतो, पण २७ चे २१ यानं होत नाहीत.

तेव्हा २६ हा आकडा खोलीनं समजावता येतो, २१ हा येत नाही. तिसऱ्यात गळती आहे आणि टॅपेट सैल असतानाही आहे. म्हणजे व्हॉल्व्ह रॉकरमुळं उघडा राहत नाहीये, सीटवरच नीट बसत नाहीये. या हेडमध्ये दोन वेगवेगळे दोष आहेत.

---

बार्शी फिटर

ताई, तिसऱ्याबद्दल माझी शंका त्या नव्या सीट रिंगवर आहे. रिंग खोबणीच्या तळाला पूर्ण टेकली नसेल तर मशीनशॉपमध्ये सगळं बरोबर दिसतं. रिंग जरा वर राहिलेली असताना त्यांनी सीट कापली, व्हॉल्व्ह बसवला, रॉकेल ओतलं, पास. इंजिन चालू झालं की व्हॉल्व्ह दर फेऱ्याला त्या रिंगवर आपटतो आणि ती थोडीथोडी खाली जाते. तेवढा व्हॉल्व्ह आत, तेवढा गॅप गायब. सेट केला की पुन्हा तेच. सारखं टाईट होण्याचं दुसरं कारण मला सुचत नाही.

---

सीटकटर

मलाही तेच वाटतंय. आणि एका बाजूनं जास्त खाली गेली असेल तर सीट तिरकी झाली असणार, म्हणून गळती.

हेड उतरवल्यावर मोजायचं कसं ते लिहितो. फेसवरचा कार्बन आणि गॅस्केटचे तुकडे काढा, पण पॉलिश पेपरनं फेस घासत बसू नका. डायल गेजचा स्टँड फेसवर ठेवून आधी फेसवरच शून्य करा. मग टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर न्या, काटा जेवढा सरकेल तेवढी खोली. डोक्यावर एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, कडेला तीन ठिकाणी घ्या. तीन आकडे वेगळे आले तर व्हॉल्व्ह वाकलाय किंवा गाईड तिरका आहे. डायल गेज नसेल तर जाड सरळ पट्टी आणि फिलर गेजनंही जमतं, खोली एक-दीड मिलिमीटर असेल तर पानं एकावर एक ठेवावी लागतील.

मोजायच्या आधी व्हॉल्व्ह काढू नका. काढायचे तेव्हा प्रत्येकावर नंबर घाला.

डायल गेज कुणाकडून मागायचा याची काळजी करू नका. सोलापूर हे मोजमापाचं गाव आहे. १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथं आहे, जगभरच्या गाड्यांचे कॅमशाफ्ट इथून जातात. किर्लोस्कर फेरसच्या इथल्या फाउंड्रीत ब्लॉक आणि हेडची कास्टिंग ओततात. या कारखान्यांत काम केलेला आणि मायक्रोमीटर धरता येणारा माणूस तुम्हाला प्रत्येक पेठेत भेटेल. एवढं सगळं गावात असून ट्रॅक्टरचं हेड अंदाजानं बनतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

जुळे सोलापूर

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या १.३ मल्टीजेट गाडीचं हेड करून आणलंय, त्यात टॅपेट स्क्रूच नाही, हायड्रॉलिक आहे. दोन सिलिंडरला कंप्रेशनच नाही. हाच प्रकार का?

---

हैदराबाद रोड

बहुतेक हाच. तुमच्या इंजिनात स्क्रूचं काम हायड्रॉलिक ॲडजस्टर करतो, पण त्याची दांडी दबायला मर्यादा असते. व्हॉल्व्हचं टोक त्या मर्यादेपेक्षा वर आलं की ॲडजस्टर तळाला टेकतो आणि व्हॉल्व्ह कायम थोडा उघडा राहतो. ट्रॅक्टरवाल्याला निदान फिलर गेज सांगतो की गॅप नाही, तुम्हाला कुणीच सांगत नाही.

आधी एक गोष्ट तपासा. हेड बसवल्या बसवल्या लगेच स्टार्ट मारला होता का? तेल भरून फुगलेले ॲडजस्टर दबायला वेळ लागतो, तोवर व्हॉल्व्ह उघडे असतात. इंजिन काही तास तसंच ठेवून पुन्हा कंप्रेशन घ्या. तरी शून्य असेल तर हेड उतरवून दांडीची उंची मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. आणि फेसिंग किती केलंय ते विचारा. अशा ॲल्युमिनियमच्या डिझेल हेडला पुष्कळ कंपन्या फेसिंग करूच देत नाहीत. तुमचा वेगळा धागा काढा, इथं मोहोळकरांचं चालू द्या.

---

मोहोळकर

हेड उतरवलं. सीटकटर काकांच्या ओळखीनं अक्कलकोट रोडलाच एका दुसऱ्या शॉपमध्ये नेलं, तिथं माझ्यासमोर मोजलं. एक्झॉस्टचे आकडे :

पहिलं : खोली १.१०
दुसरं : खोली २.०५, आणि व्हॉल्व्ह पहिल्यापेक्षा ०.९० नं आखूड
तिसरं : खोली १.७५, लांबी पहिल्याएवढीच

इनलेट तिन्ही १.२ ते १.३ च्या दरम्यान, त्यांना काही झालेलं नाही.

ताई म्हणाल्या तसंच निघालं. दुसरं ०.९५ नं जास्त खोल, टोक ०.९० घासलेलं, म्हणून वरून फक्त ०.०५ चा फरक दिसत होता. तिसरं ०.६५ खोल, आणि वर तेवढंच निघालेलं.

तिसऱ्याचा व्हॉल्व्ह काढून मार्किंग ब्लू (कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून फिरवला. अर्ध्या सीटलाच निळं लागलं. रिंग काढली तर खाली एका बाजूला कटिंगची चिप दबलेली. खोबणी साफ न करताच रिंग ठोकलेली होती. रिंगच्या पाठीवर त्या चिपचा ठसा उमटलाय.

---

सीटकटर

हा ठसा जपून ठेवा, आमच्या धंद्यातल्या नव्या पोरांना दाखवण्यासारखा आहे.

दुसऱ्याची सीट किती रुंद आहे ते मोजलं का? बहुतेक तीन मिलिमीटरच्या वर असेल. खालीवर ३० आणि ६० चे कट न मारता नुसता ४५ चा कटर फिरवत राहिलं की सीट खोलही जाते आणि रुंदही होते. रुंद सीटवर दाब पसरतो, कार्बन अडकतो, आणि एक्झॉस्ट असेल तर तिथंच जळायला सुरुवात होते. एवढं का कापलं असेल तेही सांगतो. जुनी सीट जुन्या झिजलेल्या गाईडच्या मध्यावर झिजलेली असते. नवा गाईड टाकला की मध्य बदलतो. कटर नव्या मध्यावर फिरतो, एका बाजूला लागतो, दुसऱ्या बाजूला लागतच नाही. पूर्ण गोल साफ होईपर्यंत कापत राहिलं की मिलिमीटर कधी गेला कळत नाही. अर्ध्यावर थांबून खोली मोजायची आणि मर्यादा ओलांडली जातेय असं दिसलं की तिथंच रिंग टाकायचा निर्णय घ्यायचा.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी हेडला क्रॅक आहे का ते तपासणं, मग गाईड, मग रिंगा, मग फेसिंग, आणि शेवटी सीट. सीट आधी कापून नंतर फेसिंग केलं तर मोजलेली खोली वाया जाते.

गिऱ्हाईकांनाही एक सांगायचंय. सकाळी हेड आणून संध्याकाळी मागता, आणि गाईड-सीटचा दर दुसरीकडं पन्नास रुपयांनी कमी आहे म्हणून तिकडं जाता. मोजायला वेळ लागतो. त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही, म्हणून तो वेळ कुणी देत नाही. काम टाकतानाच 'प्रत्येक व्हॉल्व्हची खोली लिहून द्या' म्हणा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या म्हणा. चांगला कारागीर आनंदानं लिहून देईल.

---

पंढरपूर पंप

माझ्याकडं विहिरीवर एका सिलिंडरचं जुनं इंजिन आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी हेड काढून पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासतो. नुसत्या घासण्यानं पण एवढं खोल जातं का?

---

बार्शी फिटर

एका वेळी नाही जात, पण वर्षानुवर्षं घासून जातं. व्हॉल्व्ह खड्ड्यात बसला की आणखी एक नुकसान होतं. सुरुवातीला तो थोडाच उघडतो तेव्हा भोवतीची भिंत हवा अडवते, म्हणजे उघडूनही न उघडल्यासारखा. पेस्ट फक्त सीटवर सलग करडी पट्टी उमटेपर्यंत लावा. खड्डे पडलेत म्हणून पेस्टनं तासभर घासू नका, त्यानं व्हॉल्व्हच्या फेसवरही खाच पडते. या वर्षी हेड काढाल तेव्हा पट्टी ठेवून खोली मोजा आणि हेडवरच खडूनं न लिहिता वहीत लिहा. पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

---

हैदराबाद रोड

मोहोळकर, हेड पुन्हा बसवायच्या आधी दोन गोष्टी राहतायत.

स्प्रिंग. व्हॉल्व्ह वर सरकला की टोपीपण वर सरकते आणि स्प्रिंग तेवढी मोकळी होते. एक मिलिमीटर मोकळी झालेली स्प्रिंग सीटवर कमी दाब देते. नव्या सीट रिंगा टाकल्यावर सहाही स्प्रिंगांची बसलेली उंची मोजा. फरक उरला तर स्प्रिंगखाली शिम टाकतात, पण पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत हे बघूनच.

दुसरं, नव्या गाईडची उंची. गाईड हेडमधून वर जास्त निघालेला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर टोपीचा खालचा भाग गाईडवर आपटतो आणि पुशरॉड वाकतो. सहा गाईड, सहाही सारखे हवेत.

---

मायक्रॉन

आणि नवे व्हॉल्व्ह आणाल तेव्हा दुकानातच व्हर्नियरनं मोजा. एकूण लांबी, कॉटरच्या खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर, आणि डोक्याच्या कडेची जाडी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालात यात फरक सापडतो. कडेची जाडी जास्त असलेला व्हॉल्व्ह तेवढाच पिस्टनकडं पुढं येतो. फेसचा कोनही विचारा, ४५ च्या सीटवर ३० चा व्हॉल्व्ह बसवल्याची उदाहरणं आहेत.

हेडला आधीच फेसिंग झालंय, म्हणून पिस्टनपासूनचं अंतर तपासल्याशिवाय इंजिन स्टार्ट करू नका. पिस्टनवर मुलांच्या खेळातली प्लास्टिसिनची माती व्हॉल्व्हच्या जागी थापा, जुनं गॅस्केट टाकून हेड कसा, टॅपेट सेट करा आणि हातानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. हेड काढून माती ब्लेडनं कापा, सगळ्यात पातळ जागेची जाडी म्हणजे तुमचं अंतर. पिस्टन आणि हेडमधलं अंतर मोजायला सोल्डरची तार वापरतात, ती चेपून किती उरली ते मायक्रोमीटरनं बघायचं. कडक झालेली तार नको, मऊ हवी.

---

मोहोळकर

सगळं करून घेतलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या एक्झॉस्टला नव्या रिंगा. खोबणी पुन्हा कापून जरा मोठ्या मापाच्या. हेड गरम करून, रिंग थंड करून बसवली. बसवल्यावर त्यांनी पोर्टमधून पातळ फिलर गेज रिंगखाली घालून बघितला, कुठंच गेला नाही. एक्झॉस्टचे तिन्ही व्हॉल्व्ह नवे, दुकानात मोजून घेतले. आता एक्झॉस्टची खोली १.१० ते १.१५ च्या आत. मातीनं मोजलेलं अंतर मॅन्युअलमध्ये बसतंय. नोझलचं टोक फेसिंगमुळं जास्त बाहेर येत होतं, त्याला जाड कॉपर वॉशर लागला.

काल संध्याकाळी बसवलं. आज पहाटे थंडीतही पहिल्या स्टार्टरलाच उचलला. धूर आला तो थोडा वेळच. कंप्रेशन तिन्हींना २७ च्या जवळपास. टॅपेटचे स्क्रू सगळे रांगेत, आणि या वेळी टोपीला कुठं खूण नाही. पिस्टन रिंगा आणि लायनरचा खर्च वाचला, नाहीतर हाफ इंजिन करून बसलो असतो आणि दोष तसाच राहिला असता. ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एक विचारायचंय. टॅपेट पुन्हा कधी बघू? आणि हेड बोल्ट परत आवळायचे का?

---

सीटकटर

हेड बोल्टचं गॅस्केटवर अवलंबून. काही गॅस्केटना पहिल्यांदा गरम झाल्यावर पुन्हा टॉर्क द्यावा लागतो, काहींना अजिबात द्यायचा नसतो. गॅस्केटच्या पाकिटावर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, त्याप्रमाणं करा आणि टॉर्क रेंचनंच करा. बोल्ट आवळले की टॅपेट पुन्हा सेट करावं लागतं, कारण हेड किंचित खाली बसतं.

टॅपेट पहिल्या काही खेपांनंतर एकदा बघा, आधी दोन खेपा निम्म्या लोडच्या करा. नवी सीट आणि नवा व्हॉल्व्ह एकमेकांना रुळतात, तेव्हा गॅप जरासा कमी होणं ठीक आहे. नंतर पुन्हा बघाल तेव्हा तो तिथंच थांबलेला हवा. दुसऱ्या किंवा तिसऱ्याचा गॅप परत कमी होत गेला तर सीट रिंग हलतेय, ट्रॅक्टर थांबवा आणि इथं लिहा.

---

पंढरपूर पंप

शेवटचं विचारतो. डायल गेज विकत घ्यायचा म्हणतोय, माझ्यासारख्याला कोणता पुरेल?

---

मायक्रॉन

०.०१ मिलिमीटरचा, १० मिलिमीटर रेंजचा साधा प्लंजर डायल पुरे. पैसे वाचवायचे असतील तर मॅग्नेटिक स्टँडऐवजी सपाट बूड असलेला छोटा ब्रिज लेथवाल्याकडून करून घ्या. फेसवर सरकवायला तोच सोपा पडतो, आणि ॲल्युमिनियमच्या हेडला मॅग्नेट चिकटतही नाही. ब्रिजचं बूड मात्र सरफेस ग्राइंडरवरून काढून घ्या.